बॉम्ब पडला की चित्र जातं

दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाताई भोईरांचं दार दिवसभर उघडं असायचं. बंद पडलेली इस्त्री किंवा मिक्सर घेऊन भंगारवाल्याकडे निघालेला माणूस त्या दारासमोरून सुखरूप खाली पोहोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आतून हाक यायची, "काय रे ते? दाखव इकडं." मग माणूस आत, वस्तू टेबलावर आणि तासाभराने दोघंही पुन्हा वर. आमच्या सोसायटीत लिफ्ट बसली तेव्हा लोकांना जो आनंद झाला, त्यातला निम्मा गुडघे वाचले म्हणून होता आणि निम्मा मंदाताई टळल्या म्हणून.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. डोंबिवलीची ती जागा मी त्याआधीच सोडून कल्याणला आलो होतो. माझा स्वभाव तापट, वस्तू चालेनाशी झाली की मी आधी तिला शिव्या घालतो आणि मग दुसरी मागवतो. हल्ली शिव्या घालून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतो. एवढी सुधारणा मंदाताईंमुळे झाली, आणि ती करायला त्यांना काय कष्ट पडले ते मलाच माहीत.

बाई दिसायला लहानखुऱ्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा केसांत. डोळ्यांवरचा लांबचा आणि केसांतला वायरींचा, असं त्या सांगायच्या. माहेर आंबिवलीचं, सासर भोपर गावातलं. पण बावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या टीव्हीच्या कारखान्यात काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात गाव आणि कंपनी यांची भेळ झाली होती. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी घरीच दुरुस्ती सुरू केली. सगळं गाव त्यांना मंदाताई म्हणायचं आणि त्यांच्या यजमानांना काका. ताईंचे यजमान काका कसे, हे नातं कोणी तपासायला गेलं नाही.

कारखान्यात त्यांचं काम तयार टीव्ही तपासून पास करायचं. खडूच्या खुणा हाताळताना पुसल्या जायच्या, म्हणून लाइनवरच्या बायकांनी आपापल्या पर्समधल्या टिकल्या वापरायला सुरुवात केली. नापास सेटला लाल, पास सेटला हिरवी. आणि नियम असा, की हिरवी लागली की तो सेट पुन्हा कोणी उघडायचा नाही. एकदा दिवाळीच्या तोंडावर मंदाताईंनी अकरा सेटना लाल लावली. सुपरवायझर आला, म्हणाला, "मंदा, ट्रक उभा आहे, काढ त्या टिकल्या." मंदाताईंनी टिकल्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं. "तुम्ही लावा हिरवी. पण खाली तुमची सही करा." तो सही करीना आणि ह्या टिकली काढीनात. ट्रक अकरा सेट सोडून गेला. ही गोष्ट त्या सांगायच्या ती स्वतःच्या कौतुकाने नाही, सुपरवायझरच्या कीव येण्यासारख्या चेहऱ्याच्या वर्णनासाठी.

घरी आल्यावरही टिकल्यांचा कारभार तसाच चालू राहिला. आमच्या इमारतीत कुठलाही टेबलफॅन उचलून पाहा, खाली हिरवी टिकली सापडेल.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती माझ्या खुळामुळे. मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. आपल्या लहानपणी मिळायचे ते, वर पिवळी कॅसेट खोचायची आणि वायरवाला रिमोट हातात घ्यायचा. ते खेळतो आणि नेटवर लोकांना दाखवतो. माझं एक चॅनल आहे. लोक तिथे मी हरताना बघायला येतात असा मला संशय आहे. गेममधून निघणारं चित्र थेट नेटवर जात नाही, मधे कॅप्चर कार्ड म्हणून एक बोटभर डबी लागते. एका तोंडाला गेमची वायर, दुसरं तोंड कॉम्प्युटरला. नवी डबी आणली आणि पडद्यावर आलं काय, तर काळंपांढरं चित्र, तेही पाटावरवंट्यासारखं वरखाली होणारं. तीन वायरी बदलल्या, डबी आपटली आणि परत करायला जिन्याने निघालो. लिफ्ट नेमकी बंद होती.

"काय रे ते?"

मंदाताई माझ्या घरी वर आल्या. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नव्हतं. माझ्या बायकोने चहा दिला. चहा संपेपर्यंत त्यांनी कशालाही हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. ही त्यांची पद्धतच होती, चहा संपेपर्यंत नुसतं बघायचं. कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे कुठल्या देशाचं चित्र मागतंय?"

"म्हणजे?"

"अरे, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी, अमेरिकेची वेगळी. कंपनीत बाहेरचा सेट आला की अस्संच दिसायचं. रंग नाय आणि चित्र घसरतंय. ते कुठं लिहिलेलं असंल बघ."

मी सेटिंग उघडलं. कार्ड खरंच अमेरिकेची पद्धत धरून बसलं होतं. बदललं आणि चित्र रंगासकट जागच्या जागी उभं राहिलं. मंदाताईंनी कार्डावर हिरवी टिकली लावली आणि निघून गेल्या.

त्यांचं एक वाक्य होतं. कोणी सांगितलं की हे अधूनमधून बंद पडतं, की त्या चिडायच्या. "अधूनमधून असं काय नसतं. कधी ते आपल्याला कळलेलं नसतं." आंबिवलीला त्यांच्या भाच्याच्या हळदीला मी गेलेलो, तिथे हे वाक्य मी प्रत्यक्ष पाहिलं. टेम्पोवर भलामोठा पडदा लावलेला, त्यावर नवरदेवाचे फोटो, आणि पडदा मधेच काळा व्हायचा. ऑपरेटर घामाघूम. मंदाताई अंगावर सगळे दागिने घालून खुर्चीत बसल्या होत्या. दोन गाणी त्यांनी नुसती पाहिली. तिसऱ्याला उठल्या आणि डीजेला म्हणाल्या, "बंद कर. नाचणाऱ्यांना बाजूला घे." हळदीत नाच थांबवणं म्हणजे काय ते त्या बाजूच्या लोकांनाच विचारा. नवरदेवाचे वडील अंगावर धावून आले. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "दाजी, ढोलाच्या ठोक्याला सगळी एकदम उडी मारतात, तेव्हाच पडदा जातो. उडी जमिनीला लागते, जमीन टेम्पोला, टेम्पो त्या बोर्डाला. प्लग ढिला हाय." साडी सावरून त्या टेम्पोवर चढल्या, कोणाची तरी चप्पल मागितली आणि प्लगखाली पाचर मारून दिली. मग स्वतः खाली उतरून नाचल्या. ती चप्पल कोणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण एक पाहुणा अनवाणी शीळफाट्यापर्यंत गेल्याचं नंतर ऐकलं.

असं हे हसतंखेळतं चालू असताना काकांना झटका आला.

उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द येईना. आयुष्यभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत चार माणसांना हसवत काम केलेला माणूस. त्याला ते फार लागलं. त्यांची एकुलती मुलगी वैशाली आयर्लंडला नर्स आहे. झटका आला तेव्हा तिला तिथल्या नव्या नोकरीत रजा मिळाली नाही. महिन्याने आठ दिवस येऊन गेली. त्या आठ दिवसांत काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती परत गेल्यावर व्हिडिओ कॉल लावला की तोंड फिरवायचे. शब्द फुटत नाही, लाळ गळते, हे लेकीने बघू नये म्हणून ते तसं करायचे, हे मंदाताईंना कळत होतं. पण वैशालीच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. बाबा आपल्यावर रागावलेत, आपण वेळेवर आलो नाही. आईने दहादा सांगितलं तरी तिला पटेना. तिला ते बाबांकडून ऐकायचं होतं आणि बाबांना बोलता येत नव्हतं.

डॉक्टरांनी डाव्या हाताला काहीतरी चाळा द्या म्हणून सांगितलं. मंदाताईंनी माळ्यावरून वैशालीच्या लहानपणचा गेम काढला. बापलेक दर रविवारी विमानांचा गेम खेळायचे, तोच. काकांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने खेळू लागले. पहिले काही दिवस विमान उडायच्या आत पडायचं. मग बोटं आपोआप आठवत गेली. एका दुपारी ते खेळत असताना वैशालीचा फोन आला. स्पीकर चालू होता. तिने सवयीने विचारलं, "बाबा, जेवलात का?" आणि पडद्यावरचं विमान डावीकडे-उजवीकडे हललं.

मंदाताईंनी ते पाहिलं. त्यांनी तिथूनच सांगितलं, "वैशू, अजून एक काय तरी विचार."

"बाबा, भाजी आवडली?"

विमान जागच्या जागी थांबलं. समोरून गोळी येईपर्यंत थांबलं, मग बाजूला झालं. भाजी पडवळाची होती.

दोन मिनिटांत मंदाताई चौथ्या मजल्यावर माझ्या दारात उभ्या. धाप लागलेली. "नितीन, तुझ्या त्या डबीतून गेम परदेशात दिसतो ना? वैशूला दिसला पाहिजे. यांना बोलायला मिळालंय रे."

मोबाइल टीव्हीसमोर धरून त्यांनी पाहिला होता. पडद्यावर पट्टे फिरत होते आणि नखाएवढं विमान तिला दिसतच नव्हतं. मी माझं कार्ड आणि जुना लॅपटॉप खाली नेला. एक वायर टीव्हीला, एक कार्डाला. रविवारी दुपारी, तिच्याकडे सकाळ असते तेव्हा, वैशाली लॅपटॉपवर आली. तिला चित्र चार-पाच सेकंद उशिरा दिसायचं, त्यामुळे ती प्रश्न विचारून थांबायची. बापलेकीने ठरवून टाकलं, हललं तर हो, थांबलं तर नाही. 'नाही' म्हणणं काकांना महाग पडायचं, थांबलेल्या विमानावर गोळ्या येतात. म्हणून ते अर्धा सेकंद थांबून पटकन निसटायचे. वैशाली हसायची. मंदाताई टीव्हीच्या मागे उभ्या राहून वायर धरून ऐकायच्या.

गेमची तिसरी पायरी आली आणि चित्र गेलं. टीव्हीवर ठीक होतं, पण लॅपटॉपवर काळोख आणि सिग्नल नसल्याची पाटी. "बाबा, दिसत नाहीये," वैशाली म्हणाली. दहा सेकंदांनी चित्र आलं, परत गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा काकांनी रिमोट बाजूला ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. समजूत घालूनही त्यांनी तो पुन्हा उचलला नाही. बोलता बोलता कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसं त्यांना झालं असणार.

"नेट असेल," मी म्हणालो.

"बघू," मंदाताई म्हणाल्या. त्यांनी वैशालीची शाळेतली जुनी वही काढली आणि तारीख घातली.

तिथून जे सुरू झालं त्याला मी चिकाटी म्हणणार नाही, तो हट्ट होता. त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी वायर, कार्ड आणि कॉम्प्युटर एकदम बदलून मोकळा झालो असतो. त्यांनी मला तसं करू दिलं नाही. "तिन्ही बदललीस आणि चाललं, तर कुणी बरं केलं ते कसं कळंल? उद्या परत जाईल, मग?" एका रविवारी नेट बदललं, माझ्या मोबाइलचं घेतलं. चित्र गेलं. पुढच्या रविवारी वायर बदलली. गेलं. मग कार्ड दुसरं आणलं. गेलं. मग माझा घरचा मोठा कॉम्प्युटर दोन मजले उचलून आणला. माझी कंबर गेली, चित्रही गेलं. प्रत्येक वेळी काका रिमोट ठेवायचे आणि दुपार संपायची. तपासून झालेल्या प्रत्येक वस्तूवर हिरवी टिकली चढत होती आणि आमच्याकडे फॉल्टसाठी जागाच उरत नव्हती.

आठवड्यात मधे तपासावं तर आणखी पंचाईत. आम्ही दोघं खेळलो की चित्र मुळीच जायचं नाही. याचं कारण लाजिरवाणं होतं. चित्र तिसऱ्या पायरीला जायचं, आणि मंदाताईच काय, चॅनलवाला मीसुद्धा दुसऱ्या पायरीतच मरायचो. तिथवर फक्त काकाच पोहोचायचे, तेही एका डाव्या हाताने आणि, चित्र जायला लागल्यापासून, फक्त रविवारी, लेक ऐकत असली तरच.

मी एक पळवाट काढली. तोच गेम कॉम्प्युटरवर उतरवला. कार्डच नको, वायर नको. नवा रिमोट काकांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन बटणं दाबली, बोट चुकलं, विमान पडलं. जुन्या रिमोटचं बटण त्यांच्या अंगठ्याने घासून खोलगट झालेलं, त्या खळग्यावरून अंगठ्याला रस्ता सापडायचा. नव्यावर तो सापडेना. त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला आणि हात जोडले. मला इतकं वाईट वाटलं की मी ते परत काढलं नाही.

त्या रविवारपासून मंदाताई लॅपटॉपकडे बघेनाशा झाल्या. त्या टीव्हीकडे बघायच्या आणि मी 'गेलं' म्हटलं की टीव्हीवर त्या क्षणी काय चाललंय ते लिहायच्या. दोन रविवारांनी त्यांनी वही माझ्यासमोर धरली. बॉम्ब, बॉम्ब, बॉम्ब. पानभर एकच शब्द.

"तिसऱ्या पायरीला यांना बॉम्ब मिळतो. तो टाकला की पडदा सगळा पांढराफेक होतो. तेव्हाच जातं. पांढरं झालं की जातं." मग त्यांनी माझ्या पेटीतल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून लावून पाहायला सांगितल्या. एका कॅसेटची सुरुवातच पांढऱ्या पडद्याने होती. ती लावली आणि चित्र लगेच गेलं. काढली, लावली, परत गेलं. मंदाताईंचा चेहरा असा फुलला की कोणाला वाटावं दुरुस्तीच झाली. "सापडला! आता रविवारची वाट बघायला नको."

"म्हणजे गेममध्येच फॉल्ट आहे," मी म्हणालो. "बाकी सगळ्यावर तुमची हिरवी आहे. तो डबा उघडा."

"तो नाय."

"का?"

"त्याच्यावरपण हिरवी हाय. वैशू पाचवीत असताना मी बरा केलाय तो. पास केलेला माल उघडायचा नसतो."

मी चिडलो. कंबर दुखत होती. म्हणालो, "मंदाताई, तो कारखाना बंद पडला. तुमचा सुपरवायझर आता नातवंडं खेळवत असेल. उघडायला काय जातंय?" त्यांनी मला चहाही विचारला नाही. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. त्या वायरी पुन्हा तपासत बसल्या आहेत हे मला उघड्या दारातून येताजाता दिसायचं.

पुढच्या रविवारी चित्र पुन्हा गेलं आणि वैशाली म्हणाली, "आई, राहू दे आता. बाबांना त्रास होतोय. दर वेळी मी काहीतरी विचारायला जाते आणि हे जातं. मला विचारायचं होतं ते नाही विचारणार आता. तू फोनवर सांगतेस तेवढं पुरे." काकांनी ते ऐकलं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर गेमचा डबा पालथा, झाकण काढलेलं. केसांतला चष्मा डोळ्यांवर होता. झाकणाच्या आत हिरवी टिकली, रंग उडून पोपटी झालेली.

"हे बघ," त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका ठिकाणी नेलं. "इथं रेझिस्टन्स असायला पाहिजे. चित्र बाहेर पडायच्या आधी त्याला जरा आवरतो तो. इथं तार हाय. ही तार मी घातलीय."

त्या खुर्चीत टेकल्या. "त्या टायमाला लोकांकडं टीव्ही जुने, पिक्चर ट्यूब थकलेल्या. पोरं रडायची, गेम अंधारा दिसतो. मी रेझिस्टन्स काढून तार घालायची, चित्र लख्ख व्हायचं. मंदाताईचा गेम लख्ख दिसतो म्हणून मानपाड्यापासून लोक यायचे. टीव्ही बिचारा सगळं सोसतो. हे कार्ड नाय सोसत. नुसतं पांढरं आलं की त्याला झेपत नाय, ते डोळे मिटून घेतं."

एवढे रविवार आम्ही जगातलं सगळं तपासलं, आणि फॉल्ट त्यांच्याच हातचा, त्यांच्याच शिक्क्याखाली झाकलेला. मी त्यांची समजूत घालायला लागलो की तेव्हा ते बरोबरच होतं, कोणाला माहीत होतं पुढे कार्डं येतील. त्यांनी हाताने थांबवलं.

"वैशूचे दोन महिने गेले माझ्या टिकलीपायी. ते चूकच हाय, त्याला दुसरं नाव देऊ नको."

त्यांनी नखाने ती पोपटी टिकली खरवडून काढली आणि तिच्या जागी लाल लावली. मग सोल्डरिंग गन तापवली. पहिला रेझिस्टन्स लावला, पांढऱ्या पडद्याची कॅसेट लावली, चित्र गेलं. दुसरा लावला तर टीव्ही फारच अंधारा. तिसरा लावला. पांढरं आलं आणि टिकलं. त्यांनी वीस वेळा चालू-बंद केलं. मी मोजत होतो, कारण त्यांनी मोजायला सांगितलं होतं. टीव्हीवरचं चित्र आधीपेक्षा थोडं मंद झालं होतं, म्हणून त्यांनी काकांची खुर्ची दोन हात पुढे सरकवली.

रविवारी दुपारी वैशालीला लॅपटॉपवर यायला तयार करावं लागलं. ती आली, पण आवाजात जीव नव्हता. काकाही रिमोट घ्यायला मागेपुढे करत होते. मंदाताईंनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि टीव्हीच्या मागे आपल्या जागी गेल्या. माझं सामान मी बांधून ठेवलं होतं. दोन दिवसांनी आम्ही कल्याणला जाणार होतो, आणि हे काम अर्धवट सोडून जायची मला लाज वाटत होती.

पहिली पायरी झाली, दुसरी झाली. वैशाली औषधांचं विचारत होती, विमान हलत होतं. तिसरी आली. काकांना बॉम्ब मिळाला. ते थांबले, मंदाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "टाका."

पडदा पांढराफेक झाला. मी लॅपटॉपकडे बघत होतो. तिथेही पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यातून विमान परत वर आलं. "बाबा," वैशाली ओरडली, "दिसतंय!" काकांनी आणखी एक टाकला. ते राहिलं. मंदाताईंनी वायरवरचा हात काढला नाही.

विमान उडत होतं. वैशाली हळूच म्हणाली, "बाबा, मी तेव्हा आले नाही. तुम्ही रागावलाय माझ्यावर?"

काकांचा अंगठा बटणावरून उचलला गेला. मला वाटलं, झालं, रिमोट ठेवतायत. पण त्यांनी ठेवला नाही. अंगठा वर धरून ते बसून राहिले. विमान पडद्याच्या मधोमध थांबलं. समोरून गोळ्या आल्या. काका निसटले नाहीत. विमान फुटलं. खालून दुसरं विमान आलं. अंगठा वरच होता. तेही तसंच उभं राहिलं आणि फुटलं. तिसरं आलं. शेवटचं. तरीही त्यांनी अंगठा खाली येऊ दिला नाही. तेही गेलं आणि गेम संपला.

तिकडे पाच सेकंदांनी सगळं पोहोचत होतं. मग लॅपटॉपमधून रडण्याचा आवाज आला.

मंदाताई टीव्हीच्या मागून बाहेर आल्या आणि लॅपटॉपपुढे वाकल्या. "वैशू, मधी चित्र गेलं का?"

"नाही आई."

"तिन्ही विमानं दिसली?"

"दिसली."

"थांबलेली दिसली? पडेपर्यंत?"

"दिसली गं आई. तिन्ही."

"हां," मंदाताई म्हणाल्या.

मी जायला उठलो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्या काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचा डावा अंगठा दोन्ही हातांत घेऊन चोळत होत्या.